घरात विणले ते टिकले
स्कॉटलंडच्या दूरच्या बेटांवर पाच दिवस

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, अटलांटिक महासागरात बेटांची एक लांब माळ आहे. तिचे नाव आउटर हेब्रिडीज. सगळ्या बेटांची मिळून वस्ती सव्वीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याच्या गावाएवढी. त्यातल्या सर्वांत मोठ्या बेटाला दोन नावे आहेत. उत्तरेचा सपाट, दलदलीचा भाग लुईस आणि दक्षिणेचा खडकाळ, डोंगराळ भाग हॅरिस. जमीन एकच, पण तिथली माणसे दोन वेगळी बेटे असल्यासारखी बोलतात.

मे महिन्याच्या सुट्टीत ग्लासगोला नातेवाइकांकडे जाण्याचा योग आला, तेव्हा आम्ही उभयतांनी या बेटांची पाच दिवसांची सहल घेतली. ‘एवढ्या लांब जाऊन लंडन सोडून बेटे कसली बघता?’ असे अनेकांनी विचारले. आम्हाला दोन गोष्टी खुणावत होत्या. युरोपच्या त्या टोकाला एक छोटी मस्जिद आहे, हे आम्ही वाचले होते. आणि तिथे एक जुनी भाषा वाचवण्याची धडपड चालू आहे, हेही ऐकले होते. उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्यांना त्याचे कुतूहल वाटणारच.

छोटी बस, अरुंद रस्ता

आमच्या बसला सोळाच जागा होत्या. चालवणारा तोच मार्गदर्शक. बस लहान का, ते हॅरिसवर उतरल्यावर कळले. तिथले बरेच रस्ते एकेरी आहेत. थोड्या थोड्या अंतरावर रस्ता बाजूला जरासा रुंद केलेला असतो. समोरून गाडी आली की ज्याला ती जागा जवळ, त्याने तिथे थांबायचे आणि दुसऱ्याला वाट द्यायची. जाणारा हात वर करून आभार मानतो. पाच दिवसांत हॉर्न एकदाही ऐकला नाही.

वाट अशी : ग्लासगोहून ग्लेनकोच्या दरीतून स्काय बेटावर. तिथे 1995 पासून पूल आहे. स्कायच्या उइग बंदरातून पावणेदोन तासांच्या आत बोट हॅरिसच्या टार्बर्टला पोचते. मग हॅरिस, लुईस आणि शेवटी स्टॉर्नोवेहून पावणेतीन तासांच्या बोटीने पुन्हा मुख्य भूमीवर, अलापूल बंदरात. उन्हाळ्यात बोटीत वाहनाला जागा मिळणे कठीण असते. सहल कंपनीने ती आधीच राखून ठेवलेली असते, हा अशा सहलीचा मोठा फायदा.

आपल्या घरातून कोणी जाणार असेल तर काही गोष्टी सांगून ठेवतो. जागा ठरवतानाच हलाल जेवणाबद्दल लेखी कळवावे. बेटांवर हलाल मांस सहज मिळेल असे धरू नये. मासळी मात्र भरपूर आणि ताजी. न्याहारीच्या ताटात काळसर गोल चकत्या दिसल्या तर हात लावू नये. तो स्टॉर्नोवेचा प्रसिद्ध ‘ब्लॅक पुडिंग’, म्हणजे रक्त घालून केलेला पदार्थ. अनेक सहलींत दारूच्या भट्टीची भेटही असते. टार्बर्टला बाकीची मंडळी आत गेली तेव्हा आम्ही धक्क्यावर फिरत राहिलो. कोणी कारण विचारले नाही, कोणाला वाईटही वाटले नाही.

नमाजचे म्हणाल तर मुसाफिराची कसर आहेच. पण तिथे वेळा जपाव्या लागतात. मे अखेरीस सूर्य रात्री दहाच्या पुढे मावळतो आणि पहाटे पाचच्या आधी उगवतो. मधल्या रात्रीला पुरता अंधार असा होतच नाही. त्यामुळे इशा आणि फज्रच्या वेळांबाबत तिथले लोक उलेमांनी ठरवून दिलेल्या तक्त्यावर चालतात. आणि आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेल्या आम्हाला तिथे आग्नेयेकडे वळताना प्रत्येक वेळी क्षणभर थांबावे लागे.

कापडासाठी कायदा

हॅरिसचे नाव जगभर गेले ते एका लोकरी कापडामुळे. हॅरिस ट्वीड. या कापडासाठी 1993 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने खास कायदा केला. लोकर शुद्ध आणि नवी हवी. ती याच बेटांवर रंगवलेली आणि कातलेली हवी. आणि कापड विणकराने बेटावरच्या स्वतःच्या घरी, हाताने विणलेले हवे. नंतरची धुलाई-सफाईही बेटांवरच. तपासणी होऊन त्यावर शिक्का बसला, तरच ते हॅरिस ट्वीड.

आम्ही एका विणकराच्या घरामागच्या शेडमध्ये गेलो. माग पायाने चालणारा, विजेची मोटर नाही. गिरणीतून सूत दारात येते, विणलेला तागा परत गिरणीत जातो. आमच्या वाचकांत मालेगाव-भिवंडीची विणकर घराणी आहेत. त्यांना ताणा-बाणा समजावून सांगायला नको. पण एक गोष्ट त्यांनाही विचार करायला लावील. इथे कायद्याने कापडाच्या पोताबरोबर ते कुठे विणले जाते ती जागाही राखली. गिरणी मालकाने उद्या सगळे माग एका छपराखाली आणले, तर कापड तसेच दिसेल, पण त्याला ते नाव लावता येणार नाही. म्हणून आजही काम विणकराच्या दारात येते. गावातला माणूस गावात राहतो.

याच्या उलट गोष्ट जवळच पाहिली. हॅरिसच्या दक्षिणेला लेव्हरबर्ग नावाचे गाव आहे. आपल्या आजीच्या मोरीत असणारा सनलाइट साबण ज्याच्या कंपनीचा, त्या लॉर्ड लेव्हरह्यूमने पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास लुईस आणि हॅरिस विकत घेतले. मासेमारीचा प्रचंड उद्योग उभारायची त्याची योजना होती. गावाला आपले नावही दिले. पण युद्धावरून परतलेल्या लोकांना कारखान्यातली नोकरी नको होती, कसायला स्वतःची जमीन हवी होती. योजना फसली. 1925 मध्ये तो वारला आणि लेव्हरबर्गचे कामही थांबले. पैसा होता, बंदर होते. लोकांच्या घरात मात्र त्या योजनेला जागा नव्हती.

शाळेत आली, घरातून गेली

बेटांवरची पाटी आधी गेलिकमध्ये असते, मग इंग्रजीत. गेलिक ही तिथली जुनी भाषा. स्वागताला ‘फाल्चे’ म्हणतात, आणि तो शब्द प्रत्येक गावाच्या वेशीवर भेटतो. 1872 च्या शिक्षण कायद्यात या भाषेला जागाच नव्हती. पुढे कित्येक पिढ्या मुलांनी शाळेत गेलिक बोलल्याबद्दल शिक्षा सोसली. आईबापांनी मग धसका घेतला. मुलांचे भले व्हायचे तर इंग्रजीच, असे मनात पक्के बसले.

नंतर चित्र पालटले. 1985 मध्ये ग्लासगो आणि इन्व्हर्नेसला गेलिक माध्यमाचे पहिले वर्ग सुरू झाले. 2005 मध्ये भाषेसाठी कायदा झाला. 2020 मध्ये बेटांच्या परिषदेने ठरवले की पहिलीत येणारे मूल गेलिक माध्यमातच जाईल. इंग्रजी हवे असेल तर पालकांनी तसे सांगायचे. 2025 च्या कायद्याने तिला अधिकृत दर्जाही मिळाला. आम्ही ऐकून हरखलो. आपल्या उर्दू शाळांना असे पाठबळ मिळाले असते तर, असे मनात आलेच.

पण त्याच 2020 मध्ये तिथल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. बेटांवरच्या गावांत रोजच्या व्यवहाराची भाषा म्हणून गेलिक आणखी दहा वर्षेही टिकणे अवघड आहे, असा इशारा त्यात होता. 2011 च्या जनगणनेत या बेटांवरचे निम्म्याहून अधिक लोक गेलिक बोलत होते, 2022 मध्ये ते निम्म्याच्या खाली आले. शाळा आहे, पुस्तके आहेत, दूरदर्शन वाहिनी आहे. कमी आहे ती स्वयंपाकघरातली. मूल वर्गात गेलिक शिकते आणि दप्तर ठेवले की इंग्रजीत जेवायला मागते.

शिक्षक म्हणून हे आम्हाला लागले. भाषेचे सगळे ओझे आपण शाळेवर टाकतो आणि घर मोकळे ठेवतो. शाळा अक्षर देऊ शकते. भाषेत रागावणे, लाड करणे आणि दुआ देणे घरातच शिकता येते.

लोकच उरले नाहीत तर काय होते, तेही याच समुद्रात दिसते. हॅरिसच्या पश्चिमेला सेंट किल्डा नावाची बेटे आहेत. तिथे शेकडो वर्षे वस्ती होती. तरुण निघून गेले, आजारपणे आली, माणसे उरली छत्तीस. त्यांनीच सरकारला विनंती केली आणि 29 ऑगस्ट 1930 रोजी सगळ्यांना बोटीतून हलवण्यात आले. घरांच्या दगडी भिंती आजही उभ्या आहेत. जागतिक वारसा म्हणून त्यांचे जतन होते. भिंती जपायला माणसे येतात, पण त्यांच्या आत चूल पेटत नाही.

रविवारचे बेट

आमचा रविवार लुईसवर गेला. इथले बहुसंख्य लोक कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट चर्चचे. रविवार हा देवाचा दिवस. दुकाने बंद, शेतातले काम बंद, दोरीवर कपडे वाळत घालणेही बंद. पूर्वी मुलांच्या बागेतले झोके रविवारी बांधून ठेवत. स्टॉर्नोवेहून रविवारची बोट सुटू लागली ती थेट 2009 मध्ये, आणि तीही मोठ्या वादानंतर. 2024 मध्ये एका मोठ्या सुपरमार्केटने रविवारी दार उघडले, तेव्हाही बेटावर बरीच खळबळ झाली.

बसमधल्या काहींना ही सक्ती वाटली. चहा कुठे मिळेल, म्हणून ते चिडले. आम्हाला तो दिवस परका वाटला नाही. लोक काळे कपडे घालून, कुटुंबासह, शांतपणे चर्चकडे जात होते. त्यांच्या गेलिक उपासनेत परंपरेने वाद्य नसते. एक जण ओळ धरतो आणि सगळा जमाव आपापल्या वळणाने ती पुढे नेतो. रस्त्यावरून जाताना तो आवाज कानावर आला आणि आमची पावले आपोआप मंदावली. आपल्याकडे जुम्याच्या अजानला अर्धे शटर ओढून पळणारे दुकानदार आठवले, आणि अजान ऐकूनही गल्ल्यावरून न उठणारेही.

त्या दुपारी आम्ही कॅलनिशचे उभे दगड पाहिले. माणसाने पाच हजार वर्षांपूर्वी वर्तुळात रोवलेले. मधला दगड पावणेपाच मीटरहून उंच आहे. कशासाठी रोवले, कोणाची उपासना होती, हे सांगणारे आज कोणी नाही. खडक त्याहून कितीतरी जुना, या पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या खडकांपैकी. कुरआनात जमिनीवर फिरून आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहण्याची ताकीद वारंवार आली आहे. तिथे ती फार जवळून समजली.

जेम्स स्ट्रीटवरची मस्जिद

स्टॉर्नोवेमधली मस्जिद आम्ही आदल्या दिवशी, शनिवारी पाहिली. मिनार नाही, घुमट नाही. गल्लीतली एक जुनी, पडकी इमारत दुरुस्त करून ती झाली आहे. 11 मे 2018 रोजी, रमजानच्या जेमतेम आठवडाभर आधी, शुक्रवारी तिचे दार उघडले. आउटर हेब्रिडीजमधली ही पहिली मस्जिद. पैसे इंटरनेटवरून, ठिकठिकाणच्या लोकांकडून जमले.

पण मुसलमान तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. फाळणीपूर्वीच्या पंजाबातून काही जण गेल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातच बेटावर पोचले. सुटकेसमध्ये कपडे घालून वादळवाऱ्यात दारोदार विकायचे. गिऱ्हाईक गेलिक बोलणारे, म्हणून हेही गेलिक शिकले. पुढे दुकाने झाली, मुलेनातवंडे तिथल्याच शाळांत शिकली. अलीकडे काही सीरियन कुटुंबेही आली. मस्जिद होण्याआधी इतकी वर्षे नमाज आणि रोजे घराघरांतच चालू होते, उन्हाळ्यातला अठरा तासांहून मोठा रोजासुद्धा. इमारत नंतर आली. जमात आधी घरांत तयार झाली.

मस्जिदीला काहींनी विरोधही केला. पण बेटावरच्या मोठ्या चर्चने मुसलमानांचा इबादतीचा हक्क मान्य केला. ज्यांना स्वतःचा रविवार प्यारा आहे, त्यांना दुसऱ्याचा शुक्रवार समजू शकतो, असे आम्हाला वाटते. आणि विरोध वाढला नाही याचे दुसरे कारण त्या सुटकेसवाल्यांनी घडवले होते. दोन पिढ्या ज्यांच्याकडून कपडा घेतला आणि ज्यांच्याशी आपल्या भाषेत बोललो, त्यांना परके म्हणणे सोपे नसते.

मस्जिदीत भेटलेल्या एका वयस्क गृहस्थांनी आमची खुशाली उर्दूत विचारली. बाहेर आल्यावर रस्त्यातल्या शेजाऱ्याशी ते गेलिकमध्ये बोलू लागले. सूरह रूममध्ये भाषांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी सांगितली आहे. ती निशाणी त्या भल्या माणसाने एका मिनिटात दाखवली. ना उर्दू सोडली, ना शेजाऱ्याची भाषा परकी मानली.

आपल्या घरांतही दोन-तीन भाषा आहेत. कोकणात कोकणी, कुठे दखनी, कुठे उर्दू, आणि बाहेरच्या व्यवहाराला मराठी. मुले इंग्रजी शाळेत गेली म्हणून यातली एकही सोडण्याचे कारण नाही. रात्रीच्या जेवणाला दस्तरखानावर सगळे बसतात, तो अर्धा तास तरी मोबाइल बाजूला ठेवून आपल्या बोलीत बोलायचा, असे आम्ही आल्यापासून ठरवले आहे. पहिले काही दिवस मुले हसली. आता मीठ मागताना चुकून इंग्रजी आली की तीच एकमेकांना टोकतात.