हेल्थ बोर्डाच्या सभेला याल का?

दिवाळी अंकात हेल्थ बोर्ड कशाला, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. गेल्या हिवाळ्यात हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख दुसऱ्यांदा रद्द झाली आणि रिसेप्शनवरच्या मुलीवर माझा आवाज चढला. जन्मभर राज्यशास्त्र शिकवलं, आणि ओरडलो कोणावर? तिच्या हातात काहीच नव्हतं. मग कोणाच्या हातात होतं?

आपण वेल्समध्ये राहतो. इथली एनएचएस लंडनहून चालत नाही. १९९९ पासून ती कार्डिफच्या अखत्यारीत आहे. सेवा विकत घेणारे एक आणि पुरवणारे दुसरे, ही पद्धत वेल्सने २००९ साली मोडीत काढली. तेव्हापासून सात हेल्थ बोर्डं आहेत. जीपींचे करार, हॉस्पिटलं, मानसिक आरोग्य, सगळं आपापल्या भागात एकाच बोर्डाकडे. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं आणि जिल्हा रुग्णालय राज्य सरकारचं. त्या दोघांमध्ये पेशंटची होणारी ओढाताण मी तरुणपणी पाहिली आहे. त्या मानाने इथलं सरळ वाटतं. कागदावर तरी! पॉविसचं बोर्ड घ्या. वेल्सचा जवळपास पाव भूभाग त्याच्याकडे, पण मोठं जनरल हॉस्पिटल एकही नाही. तिथले कितीतरी पेशंट हद्द ओलांडून हेरफर्डला, श्रूसबरीला जातात आणि खर्च पॉविस देतं.

बोर्डावरची माणसं तुम्ही-आम्ही निवडून देत नाही. अध्यक्ष आणि स्वतंत्र सदस्य वेल्स सरकार नेमतं. त्यांत कौन्सिलचा, विद्यापीठाचा, कामगार संघटनेचा माणूस असतो. मला हे खटकतं. नगरसेवकाला पाडता येतं, बोर्डाला कसं पाडणार? पण सभा सर्वांना खुल्या असतात आणि कागदपत्रं आधीच वेबसाइटवर येतात. मी गेलो. प्रेक्षकांत आम्ही तिघे. वेटिंग लिस्टचा विषय आला, आकडे वाचले गेले, चहा झाला.

तिथेच मला 'ल्लाइस'बद्दल कळलं. (उच्चार नातवाकडून शिकलो, अजून जमत नाही.) वेल्श भाषेत अर्थ 'आवाज'. एप्रिल २०२३ पासूनची ही स्वतंत्र संस्था. लोकांचं म्हणणं बोर्डापर्यंत नेते आणि तक्रार करायला विनामूल्य मदत करते. आमचं पत्र त्यांच्याच मदतीने लिहिलं. ऑपरेशन मेमध्ये झालं. पत्रामुळे की रांगेमुळे, देव जाणे. त्या मुलीची मात्र मी जाऊन माफी मागितली.

पुढच्या सभेला मी जाणार आहे. माझ्या गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. तरुण मंडळींपैकी कोणी आलं तर जास्त बरं. वेल्श बोलणारं कोणीतरी बरोबर हवं.