शहराचे आकाश (भाग ६) : आधी घार पाठ करा

शिकारी पक्षी म्हटले की भिगवणची नाव नाहीतर ताडोबाची जीप डोळ्यांपुढे येते. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला मात्र त्यासाठी गच्चीचा जिना पुरतो. मागच्या भागात दुर्बीण आणि लेन्स कशी निवडायची ते पाहिलं. आता ती कशावर रोखायची आणि समोर दिसतोय तो पक्षी कोणता, हे कसं ठरवायचं ते पाहू.

सुरुवात घारीपासून करा. ती इतकी रोजची की तिच्यासाठी कुणी मान वर करत नाही. पण पाढे पाठ असले की पुढचं गणित सोपं जातं, तसं घार पाठ असली की जे घारीसारखं नाही ते आपोआप खटकतं. आपल्याकडच्या घारीच्या उपजातीचं शास्त्रीय नाव ‘गोविंदा’. कर्नल साईक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी करताना ते दिलं. गडद तपकिरी रंग, लांब आणि सांध्यापाशी किंचित वाकलेले पंख, शेपटीला खाच. घिरट्या घालताना ती शेपटी सतत डावी-उजवीकडे पिळते. ओळखीसाठी ही लकब खाचेपेक्षा भरवशाची, कारण शेपटी पूर्ण पसरली की खाच दिसेनाशी होते.

आता जे खटकेल ते तपासा. कबुतराएवढा पक्षी चार-पाच वेळा भरभर पंख मारून मग तरंगत गेला, पंख आखूड आणि शेपटी लांब असली, तर तो बहुधा शिक्रा. घार कचऱ्यावर आणि मेलेल्या उंदरावरही भागवते; शिक्रा सोसायटीतल्या झाडाच्या पानाआडून सरडा, खार किंवा चिमणी उचलतो. प्रौढ नराचे डोळे लाल, मादीचे पिवळे-नारिंगी, आणि मादी नराहून मोठी. पावशा दिसायला आणि उडायला बराचसा शिक्र्यासारखा. चोच आकडीसारखी वाकडी नसली की तो पावशा समजावा. मुंबईच्या बंदरांवर आणि खाडीकाठी पांढऱ्या डोक्याची, विटकरी अंगाची ब्राह्मणी घार दिसते. तिची शेपटी गोलसर असते. पुण्याच्या वेशीवरच्या माळांवर एकाच जागी पंख फडफडवत हवेत थांबणारी, पांढरी-राखाडी, लाल डोळ्यांची ती कापशी.

हिवाळ्यात उंच टॉवरच्या कठड्यावरही नजर टाका. टोकदार पंखांचा, गालांवर काळ्या मिशा असलेला बहिरी ससाणा तिथे बसलेला सापडू शकतो. रानात त्याला कडा लागतो आणि हवेत पकडता येतील असे पक्षी लागतात. शहरात कड्याची जागा इमारत घेते आणि कबुतरांना तोटा नाही. भक्ष्यावर सूर मारताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो.

हे सगळे शोधताना डोळ्यांआधी कान वापरा. खारीने एका जागी बसून एकसुरी चिकचिक लावली, साळुंक्या ओरडत उठल्या किंवा कावळे एकाच फांदीभोवती गोळा झाले, की तिथे शिकारी बसला आहे असं धरून चाला. कोतवालावर मात्र विसंबू नका. तो शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो.

वेळेचं गणित उन्हावर ठरतं. काँक्रीट आणि डांबर तापलं की गरम हवा वर चढते आणि घारी पंख न हलवता तिच्यावर स्वार होऊन ठिपक्याएवढ्या होतात. म्हणून ऊन चढण्याआधीचा तास-दीड तास फोटोसाठी उत्तम. पक्षी खालून उडतात आणि प्रकाश तिरपा असतो. दुपारी तापलेल्या हवेच्या थरथरीमुळे भारी लेन्सनेही फोटो मऊ येतो.

उडत्या पक्ष्यासाठी शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा, फोकस सतत मागोवा घेणारा. उजळ आकाश पाहून कॅमेरा फसतो आणि पक्षी काळा पडतो, तेव्हा एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा. शहराचा खरा फायदा उंचीचा. दहाव्या-बाराव्या मजल्यावरून घार तुमच्या नजरेच्या पातळीत, कधी खालून जाते. तिच्या पाठीवरची पिसांची नक्षी जमिनीवरून टिपता येत नाही. मागे पाण्याच्या टाक्या, केबलच्या तारा आल्या तर येऊ द्या. हा पक्षी कुठे राहतो तेही फोटोत दिसलं पाहिजे.

घरट्याच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. घारी हिवाळ्यात घरटी बांधायला घेतात; काड्यांबरोबर चिंध्या, तारा, प्लॅस्टिकही त्यात जातं. पिल्लं असताना जवळ गेलात तर डोक्यावर झडप बसू शकते, आणि घाबरून घार उठली की पिल्लं उन्हात आणि कावळ्यांच्या तोंडी राहतात. घरट्यापाशी ड्रोन नको, रेकॉर्ड केलेला आवाज नको, फोटोसोबत घरट्याचा पत्ता नको. बाल्कनीतून मांसाचे तुकडे फेकून ‘झेप’ टिपण्याचा प्रकार तर मुळीच नको. माणसाच्या हातून खायला सोकावलेली घार उद्या शेजारच्या मुलाच्या हातातल्या डब्यावर झेपावते, आणि मग सगळी सोसायटी तिच्याविरुद्ध उभी राहते.

संक्रांतीच्या सुमारास गच्चीवर असाल तर मांजात अडकलेला पक्षी दिसण्याची शक्यता आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तो झाडांवर लटकलेला दिसतोच. असा पक्षी सापडला तर मांजा ओढू नका. पक्ष्यावर सुती कापड टाका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

या आठवड्याचा अभ्यास : रोज दहा मिनिटं, कॅमेरा न घेता, फक्त घारी पाहा. शेपटी कधी पिळते, कावळा मागे लागला की ती काय करते, संध्याकाळी कोणत्या दिशेला जाते, हे वहीत लिहा. पुढच्या भागात अंधार पडल्यावरचे शिकारी : पिंगळा आणि गव्हाणी घुबड.