म्हसावदच्या वाटेवरील पाहुणे
शहाद्याहून तोरणमाळास जाणारा प्रवासी म्हसावदवरून सातपुडा चढतो. हजार मीटरांहून उंच अशा त्या पठारावर यशवंत तलाव, सीताखाईची दरी व गोरक्षनाथांचे मंदिर आहे. महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. शहादे तालुक्यातच उनपदेवचा उष्ण झरा, तापीकाठचे प्रकाशा आणि दत्तजयंतीस घोड्यांचा बाजार भरणारे सारंगखेडा आहे. परंतु पाहुणा न थांबता पुढे गेला, तर गावाच्या पदरी केवळ धूळ व कचरा पडतो. म्हणून ग्रामसेवकांनी पिण्याचे पाणी, शौचकूप व दिशादर्शक फलक यांची सोय पाहावी. शेतकरी बंधूंनी आपली पपई व केळी वाटेवरच रास्त भावाने विकावीत. तळी व झरे निर्मळ राखावेत. ते बिघडले, तर पाहुणाही येणार नाही व गिऱ्हाईकही.