जुन्या ट्यूबलाइटमधील पारा

ट्यूबलाइट आणि सीएफएल हे प्रतिदीप्त दिवे होत. त्यांच्या नळीतील पाऱ्याच्या वाफेतून वीज वाहू लागली की अतिनील किरण निर्माण होतात आणि काचेला आतून दिलेला पांढऱ्या भुकटीचा थर ते शोषून डोळ्यांना दिसणारा प्रकाश देतो. एका सीएफएलमध्ये पारा जेमतेम काही मिलिग्रॅम असतो. परंतु दिवा फुटताच तो मोकळा होतो, आणि 357 अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या या धातूची वाफ नेहमीच्या तापमानालाही होतच राहते. पंचवीस अंशांच्या तुलनेत पंचेचाळीस अंशांना त्या वाफेचा दाब चौपटीहून अधिक होतो, म्हणून नागपूरच्या मे महिन्यात फुटलेल्या ट्यूबलाइटकडे केवळ काचेचा पसारा म्हणून पाहणे घातक आहे.

अशा वेळी कूलर व पंखा बंद करून, खिडक्या उघडून, सर्वांनी दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे. झाडू मात्र मुळीच फिरवू नये, कारण त्याने पारा चिकटलेली भुकटी हवेत उडते. तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करून आणि चुरा चिकटपट्टीने टिपून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा.

कचरागाडीत टाकलेला दिवा बहुधा वाटेतच फुटतो, आणि त्याची पहिली झळ सफाई कामगारांना व नागपुरातील भांडेवाडीच्या कचरा डेपोवर भंगार वेचणाऱ्यांना लागते. पाण्यात पोहोचलेल्या पाऱ्याचे सूक्ष्मजीव मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हे विषारी संयुग माशांच्या शरीरात साठत जाते. जपानमधील मिनामाता येथे 1956 मध्ये उघडकीस आलेला मज्जासंस्थेचा भीषण आजार त्यातूनच उद्भवला होता. त्या गावाचे नाव दिलेल्या 2013 च्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने 2018 मध्ये मान्यता दिली, आणि प्रकाशासाठीच्या प्रतिदीप्त दिव्यांचे उत्पादन 2027 पर्यंत थांबवण्याचे या कराराच्या सदस्य देशांनी 2023 मध्ये ठरवले. तरी घराघरांत लावलेले दिवे पुढेही निकामी होत राहणारच.

2016 च्या घनकचरा नियमांनी अशा घातक घरगुती कचऱ्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरमागे एक संकलन केंद्र उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. दोनशे चौरस किलोमीटरहून मोठ्या नागपुरात त्या हिशेबाने किमान अकरा केंद्रे हवीत. नागरिकांनी निकामी दिवे न फोडता त्यांच्या खोक्यात जपून ठेवावेत, अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावेत आणि आपल्या भागातील केंद्र कोठे आहे, हे महापालिकेला आवर्जून विचारावे.