ॲशफर्डच्या किल्ल्याचे मालक

आयर्लंडच्या पश्चिम भागात, मेयो परगण्यातील काँग या खेड्याशेजारी, कॉरिब सरोवराच्या काठी ॲशफर्ड नावाचा किल्ला उभा आहे. आज तेथे हॉटेल चालते. प्रवासी त्याचे मनोरे पाहतात. आपणां व्यापारी मंडळींस त्याच्या मालकीहक्काचे दप्तर अधिक उद्बोधक वाटेल.

इ. स. १२२८ मध्ये द बर्गो या नॉर्मन सरदार घराण्याने तेथे किल्ला बांधला. तलवारीने मिळविलेली ती जागा सोळाव्या शतकाच्या अखेरीस तलवारीच्याच बळावर इंग्रज अधिकाऱ्याकडे गेली, व कालांतराने ब्राऊन घराण्याकडे आली.

पुढील फेरपालट मात्र तलवारीने नव्हे, कर्जाने झाला. १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजून आयर्लंडात घोर दुष्काळ पडला. कुळे उपासमारीने मेली किंवा देशांतरास गेली. खंडाची वसुली थांबली, आणि आधीच गहाणांनी दबलेले जमीनदार बुडाले. १८४९ साली सरकारने अशा इस्टेटी विकून धनकोंचे देणे भागविणारे खास न्यायालय स्थापिले. मागील सर्व बोजे विक्रीच्या रकमेवर जात व खरेदीदारास निर्वेध हक्क मिळे. भांडवलवाल्यास याहून मोठे आमंत्रण कोणते? १८५२ साली ॲशफर्डची इस्टेट याच न्यायालयातून बेंजामिन ली गिनेस यांनी घेतली. हे घराणे डब्लिनच्या सुप्रसिद्ध बिअरचे. तो धंदा आपल्या वाचकांस रुचणारा नव्हे, परंतु त्यांचा पैसा रोकडा होता, हे नमूद केले पाहिजे. त्यांनी इस्टेट २६,००० एकरांपर्यंत वाढविली. चिरंजीव लॉर्ड आर्डिलॉन यांनी वने लावली, वाड्याचा पश्चिम भाग नव्याने बांधला, सरोवरातील आगबोटींस पदरचे साहाय्य दिले. इस्टेटीच्या उत्पन्नावर हा थाट चालणे कठीणच. ते १९१५ साली निपुत्रिक वारले व वास्तू पुतण्याकडे गेली.

१९३९ साली ती नोएल हगार्ड यांच्या हाती आली. हे हॉटेलवाल्या घराण्यातील. त्यांनी किल्ल्याचे हॉटेल केले, आणि राजेशाही वास्तू प्रथमच स्वतःचा खर्च स्वतः कमवू लागली. १९७० मध्ये जॉन मल्केही यांनी ती घेऊन नवा भाग बांधला. १९८५ मध्ये आयरिश वंशाच्या अमेरिकन भांडवलदारांनी घेतली.

२००७ साली, जमिनीचे भाव गगनास भिडले असता, एका आयरिश स्थावर-व्यावसायिकाने सुमारे पाच कोटी युरो मोजून किल्ला घेतला. पुढील वर्षी बाजार कोसळला. २०११ च्या नोव्हेंबरात किल्ल्यावर रिसीव्हर बसला. १८५२ चा देखावा पुन्हा उभा राहिला. फरक इतकाच की या खेपेस हॉटेल उघडे राहिले व पाहुण्यांची सरबराई खंडित झाली नाही. चालता धंदा आणि बंद दार यांच्या किमतीत किती अंतर असते, हे वाचकांस सांगणे नलगे!

तरीही २०१३ च्या मे महिन्यात सौदा झाला तो सुमारे दोन कोटी युरोंचा. घेणारे टॉलमन हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतील हॉटेल-व्यावसायिक कुटुंब. त्यांची रेड कार्नेशन ही मंडळी. त्यांनी छपरापासून खिडक्यांपर्यंत दुरुस्ती काढली आणि खरेदीच्या किमतीहून अधिक रक्कम त्यांत घातली. २०१५ साली नूतनीकृत किल्ला पाहुण्यांस खुला झाला.