दंड कुणी करायचा?

विश्वासाचा व्यवहार : लेखांक सातवा

स्पेनमधल्या वालेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मुख्य कॅथेड्रलच्या दाराबाहेर एक न्यायालय भरतं. काळे डगले घातलेले आठ शेतकरी अर्धगोलात मांडलेल्या खुर्च्यांवर येऊन बसतात. पुकारा करणारा एकेका कालव्याचं नाव घेतो आणि त्या कालव्यावरच्या कुणाविरुद्ध तक्रार आहे का, असं विचारतो. बऱ्याच गुरुवारी कुणीच पुढे येत नाही आणि जमलेल्या पर्यटकांचे फोटो काढून होतात न होतात तोच सगळं आटोपतं. तक्रार निघालीच तर ती पाण्याची असते. पाळी नसताना कुणी पाणी फोडलेलं असतं, कुणाच्या हयगयीनं शेजाऱ्याचं शेत बुडालेलं असतं, कुणी आपल्या हद्दीतला पाट उपसलेला नसतो. वकील नाहीत, लेखी कैफियती नाहीत, अपील नाही. आरोपी ज्या कालव्याचा असेल त्या कालव्याचा पंच निवाड्यात भाग घेत नाही, एवढी मात्र खबरदारी. निकाल तिथल्या तिथे.

कित्येक शतकं चालत आलेल्या या न्यायालयाची युनेस्कोनं वारसा म्हणून नोंद केली ती २००९ साली. त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना ऑलिव्हर विल्यमसन यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. योगायोगच, पण गमतीचा. कारण ऑस्ट्रॉम यांच्या १९९०च्या गाजलेल्या पुस्तकात वालेन्सियाच्या शेतकऱ्यांना मानाचं स्थान आहे. गेल्या आठवड्यात आपण गॅरेट हार्डिन यांचं १९६८मधलं सामायिक कुरण पाहिलं. प्रत्येक जण आपलं एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरणच उरत नाही. हार्डिन यांच्या मते सुटकेचे मार्ग दोनच, खासगी मालकी किंवा सक्ती. ऑस्ट्रॉम यांनी कागदावरच्या कुरणाऐवजी खरी कुरणं, खरे पाट आणि खरी मासेमारी तपासली. जिथे सामायिक व्यवस्था शेकडो वर्षं टिकल्या, तिथे देखरेख होती आणि दंडही होता. पण तो आश्चर्य वाटावं इतका हलका होता. टंचाईत एका चोरट्या पाळीनं हातचं पीक वाचत असेल, तर त्यापुढे ही रक्कम काहीच नाही. मग लोक नियम पाळत होते ते कशाला भिऊन?

उत्तराकडे जाण्याआधी एक फसलेला दंड पाहू.

इस्रायलमधल्या हैफा शहरातली दहा खासगी पाळणाघरं. मुलांना दुपारी चारपर्यंत न्यायचं असा नियम. पण काही पालक उशिरा येत आणि कुणा तरी बाईंना ताटकळत थांबावं लागे. १९९८मध्ये उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी तिथे वीस आठवडे नोंदी ठेवल्या. पहिले चार आठवडे फक्त नोंदी. पाचव्या आठवड्यापासून सहा पाळणाघरांनी दंड लावला, दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर झाला तर मुलामागे दहा शेकेल. उरलेल्या चार पाळणाघरांत काहीच बदललं नाही. दंड लागला की उशीर कमी व्हायला हवा, असं कुणीही म्हणेल. तो वाढला, आणि वाढत वाढत जवळपास दुप्पट झाला. सतराव्या आठवड्यात दंड मागे घेतला गेला. उशीर मात्र पूर्वीच्या पातळीवर आलाच नाही.

दंड नव्हता तोवर उशीर म्हणजे बाईंच्या वेळेवर केलेलं अतिक्रमण होतं. त्याचा संकोच वाटे. दहा शेकेल ठरल्यावर त्याचा दर झाला. त्या काळी तिथे मूल सांभाळायला घरी येणाऱ्याला तासाला पंधरा ते वीस शेकेल द्यावे लागत, म्हणजे दर परवडणाराच. दंड रद्द झाल्यावर पालकांच्या लेखी तीच सेवा फुकट झाली. या दोघा अभ्यासकांनी आणखीही एक शक्यता मांडली होती, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. उशिराबद्दल काय होईल हे ठाऊक नव्हतं, तोवर पालक बिचकून होते. दंड जाहीर झाला आणि याहून वाईट काही होत नाही, हेही जाहीर झालं.

या एका प्रयोगावरून दंडानं काही साधत नाही असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. तो घाईचा आहे. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निमित्तानं राहणाऱ्या परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांकडून पार्किंगचा दंड सक्तीनं वसूल करता येत नसे. नोव्हेंबर १९९७ ते २००२ अखेर अशा न भरलेल्या पावत्या दीड लाखावर गेल्या आणि थकबाकी १ कोटी ८० लाख डॉलरच्या पुढे. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल यांनी देशवार हिशेब मांडला. कुवेतच्या एकेका अधिकाऱ्यामागे वर्षाला सरासरी २४६ पावत्या; नॉर्वे, स्वीडन, जपान यांची पाटी कोरी. शिक्षेची भीती कुणालाच नव्हती, तरी माणसं आपापल्या देशातली सवय सोबत घेऊन आली होती. मग २००२च्या उत्तरार्धात शहरानं थकबाकीदार गाड्यांच्या राजनैतिक नंबरप्लेटा काढून घ्यायला सुरुवात केली आणि उल्लंघनं जवळपास ९८ टक्क्यांनी घसरली. जबर आणि खात्रीची शिक्षा काम करते, यात वाद नाही. वाद आहे तो हलक्या दंडाबद्दल. वालेन्सियात तो चालतो, हैफात उलटतो. का?

झुरिकच्या दोन विद्यापीठांतल्या २४० विद्यार्थ्यांना घेऊन एर्न्स्ट फेर आणि सिमॉन गेख्टर यांनी एक खेळ खेळवला. २००२मध्ये तो 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. चौघांचा गट, प्रत्येकाला वीस गुण, आणि शेवटी गुणांचे खरे पैसे. सामायिक खात्यात टाकलेल्या प्रत्येक गुणामागे चौघांनाही ०.४ गुण मिळणार. चौघांनी सगळेच्या सगळे वीस टाकले तर प्रत्येकाच्या हाती बत्तीस. पण आपले वीस खिशात ठेवून इतरांच्या पुण्याईवर जगणाऱ्याचा फायदा त्याहून जास्त. नुसता खेळ चालू ठेवला तर फेरीगणिक योगदान आटत जाई. मग एक सोय दिली. स्वतःचा एक गुण खर्चून दुसऱ्याचे तीन गुण कापता येतील. प्रत्येक फेरीत गट बदलत असल्यामुळे शिक्षा करणाऱ्याला त्या सुधारलेल्या माणसाचा उपयोग पुन्हा कधीच होणार नव्हता. तरीही ८४ टक्क्यांहून अधिक जणांनी निदान एकदा पदरमोड करून कुणाला तरी दंड केला, आणि योगदान चढत गेलं. आपल्या हाती काही लागणार नाही हे माहीत असूनही माणूस फुकट्यावर चिडतो. सहकार्याच्या मुळाशी हा राग आहे, हे स्वीकारायला जरा अवघड जातं; पण आकडे तेच सांगतात.

झुरिकचा निष्कर्ष जगाला लावता येईल का, हे पाहायला बेनेडिक्ट हेरमन, ख्रिश्चन थ्योनी आणि गेख्टर यांनी असाच खेळ बॉस्टन, कोपनहेगन, सोल, छंगदू, इस्तंबूल, अथेन्स, मस्कत अशा सोळा ठिकाणी खेळवला. २००८मध्ये आलेल्या निकालानं झुरिकच्या आनंदावर पाणी पडलं. काही शहरांत लोक फुकट्यांना दंड करत होते. पण अथेन्स, मस्कत, रियाध, समारा अशा ठिकाणी अनेकांनी उलटं केलं. ज्यांनी सामायिक खात्यात सर्वांत जास्त टाकलं, त्यांनाच दंड! दंड झालेला माणूस खजील होण्याऐवजी चवताळे आणि पुढच्या फेरीत सज्जनांवर सूड उगवे. बॉस्टनमध्ये शिक्षेची सोय असताना सरासरी योगदान विसापैकी अठराच्या घरात गेलं. अथेन्समध्ये ते सहाच्याही खाली राहिलं. जिथे कायद्याच्या राज्यावर भरवसा कमी आणि करचुकवेगिरीसारख्या गोष्टींकडे काणाडोळा जास्त, तिथे हा उलटा दंड अधिक आढळला. सोळांत भारतातलं एकही शहर नव्हतं; असतं तर निकाल काय लागला असता, याच्या पैजा वाचकांनी आपापसांत लावाव्यात.

दंड तोच, रक्कम तीच. फरक पडला तो दंड झालेल्यानं त्याचा अर्थ काय लावला यानं. हुआन कामिलो कार्देनास यांनी सहकाऱ्यांसोबत कोलंबियातल्या तीन खेड्यांत केलेलं काम या बाबतीत फार बोलकं आहे. खेळणारे विद्यार्थी नव्हते. जंगलातून सरपण आणणारे गावकरीच होते. खेळही त्यांच्या रोजच्या कामाचाच. आठ जणांनी जंगलात किती वेळ सरपण गोळा करायचं ते ठरवायचं. जास्त तोड म्हणजे सगळ्यांचं पाणी गढूळ. काही गटांना फेऱ्यांच्या मध्ये आपसांत बोलायची मुभा दिली. काहींना बोलणं बंद, पण बाहेरून ठरवलेली मर्यादा आणि तपासणी आली. ही तपासणी क्वचितच होई, सोळांत एकदा. नियम आल्या आल्या लोक थोडे आवरले. मग हळूहळू प्रत्येक जण आपापला हिशेब करू लागला आणि अखेरीस नुसतं बोलून ठरवणाऱ्या गटांपेक्षा या गटांनी जंगल जास्त तोडलं. ढिला सरकारी नियम नुसता निरुपयोगी ठरला नाही. त्यानं गावकऱ्यांच्या अंगची भीडही घालवली.

ऑस्ट्रॉम यांचं उत्तर इथे जुळतं. टिकलेल्या व्यवस्थांमधला पहिला दंड हा पैशाची वसुली नसून इशारा असतो. तुझी चूक दिसली, आणि ज्यांना दिसली ते रोज तुझ्या बांधावर भेटणारे आहेत, एवढंच तो सांगतो. चूक पुन्हा झाली तर दंड चढतो आणि शेवटी हक्कच जातो. वालेन्सियात पहारा जवळजवळ आपोआप होतो. ज्याची पाळी पुढची, तो आधीच येऊन उभा असतो. आधीच्यानं गरजेहून जास्त पाणी घेतलं तर त्याला लगेच कळतं. जपानी खेड्यांमधल्या सामायिक डोंगरांचा अभ्यास मार्गारेट मॅककीन यांनी केला. तिथे गावचे पहारेकरी चोरून गवत कापणाऱ्याकडून साके, म्हणजे तांदळाची दारू, वसूल करत. पण कधी कधी मुदतीआधी डोंगरात शिरण्याची गरज खरीच असे. एका गावात तर मळ्यातल्या भाज्यांना आधार द्यायला काठ्या हव्या म्हणून बरीच प्रतिष्ठित घरंच नियम मोडून बसली. पंचाईत मोठी होती. माफी दिली तर नियम मेला आणि पूर्ण दंड केला तर अन्याय झाला असता. तोड अशी निघाली की त्यांनी साकेऐवजी गावच्या शाळेला लहानशी देणगी द्यावी. असला निवाडा जिल्ह्याच्या कार्यालयातून झाला नसता.

अशी तोड महाराष्ट्राला अनोळखी नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या पांझरा, मोसम, आरम नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली फड पद्धत शेकडो वर्षं चालली. भिजणारी जमीन फडांत वाटलेली आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पंच लाभधारकांमधले, पाटकरी, हवालदार, जागल्या, बारेकरी ही माणसं त्यांनी नेमलेली, मोबदला बहुधा धान्यात. यातली सगळ्यांत हुशार गोष्ट बारेकऱ्याची. शेतकऱ्यानं स्वतः पाणी भरायचंच नाही, बारेकरी फडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरत जाणार. चोरीचा मोह होण्याची जागाच त्यामुळे कमी होते. दंडाला काम उरतं ते किरकोळ.

पुढे नद्यांवर वरच्या अंगाला धरणं आली, विहिरी आणि पंप वाढले, ज्याला हवं तेव्हा आपलं पाणी मिळू लागलं आणि बरेच फड मोडले. शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे व्यवस्थापन सोपवणारा कायदा राज्यानं २००५मध्ये केला. हेतू योग्यच आहे. पण नोंदणी झाली म्हणून दंडाला वजन येत नाही. दंड ठरवणारा, करणारा आणि भरणारा हे एकाच पाटावर भेटत असतील तरच कमी रकमेत भागतं. नाहीतर न्यूयॉर्कसारखा नंबरप्लेट उचलणारा हात हवा. या दोन्हींच्या मधला, बाहेरून आलेला, हलका आणि कधीमधी लागणारा दंड हा तिन्हींत सर्वांत वाईट, आणि आपल्याकडे नेमका तोच सर्वांत जास्त आढळतो.

पुढच्या आठवड्यात दंडही नाही आणि पाहणारंही कुणी नाही, अशी परिस्थिती. ४० देशांतल्या ३५५ शहरांत संशोधकांनी १७ हजारांहून अधिक हरवलेली पाकिटं लोकांच्या हाती ठेवली. ज्यांत जास्त पैसे होते ती पाकिटं जास्त संख्येनं परत आली की कमी, याचा अंदाज तोवर करून ठेवावा.