‘पेसा’ पाठ केलाय, पण मेंढा-लेखा माहीत आहे का?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी गडचिरोली-चंद्रपूरची मुलं ‘पेसा १९९६’ आणि ‘वनहक्क कायदा २००६’ पाठ करतात. पण हे कायदे जिथे कसाला लागले, ते गाव याच पट्ट्यात आहे.

नेमकं काय घडलं?

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड आदिवासींच्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनविभागाच्या हातात होता. १९२७चा वन कायदा बांबूला झाड मानत होता, २००६चा कायदा गौण वनोपज. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला.

परीक्षेत कुठे उपयोगी?

यूपीएससी मुख्य परीक्षेत भारतीय समाज हा घटक सामान्य अध्ययन पेपर १ मध्ये, तर शासनव्यवस्था पेपर २ मध्ये येते. दोन्ही २५० गुणांचे. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक आहे. त्यामुळे नुसती कलमं लिहून भागत नाही, उदाहरण लागतं.

उत्तर कसं लिहायचं?

आधी तरतूद, मग अडचण, शेवटी काय बदललं. इथे कायदा २००६चा, हक्क २००९चा आणि परवाना २०११चा. दिल्लीत झालेला कायदा गावात पूर्ण पोहोचायला पाच वर्षं लागली. ती का लागली, हे ज्याला सांगता येतं, त्याला शासनव्यवस्था कळली.